न्यूझीलंडमध्ये इन्फ्रास्ट्रक्चर रिस्क शिकायची, तर आधी प्रश्न लहान करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सिव्हिलची पदवी आहे, पाणीपुरवठ्याच्या डिझाइनचं चार वर्षांचं काम आहे आणि आता न्यूझीलंडला जाऊन इन्फ्रास्ट्रक्चर रिस्क आणि रेझिलियन्समध्ये (म्हणजे पाणी-विजेसारख्या सेवांना असलेला धोका आणि धक्का सोसून सावरण्याची त्यांची क्षमता यांत) मास्टर्स करायची आहे. कोर्सवर्कची घ्यावी की संशोधनाची, निघण्याआधी काय शिकून घ्यावं आणि ‘भूकंप, पूर, त्सुनामी व हवामानबदलाचा पाणी, वीज, रस्ते आणि टेलिकॉमवर होणारा परिणाम’ हा विषय प्रबंधाला चालेल का, हे तुम्ही विचारलं आहे.

विषय चालणार नाही. चार संकटं आणि चार सेवा म्हणजे सोळा वेगवेगळे अभ्यास, आणि त्यातला एक नीट करायलाही वर्ष अपुरं पडतं. कोर्स कोणता हा प्रश्न नंतरचा. तुमची खरी अडचण अशी की ‘रेझिलियन्स’ हा शब्द तुम्ही विषय म्हणून धरला आहे आणि तो विषय होऊ शकत नाही. तो मोजता येईल अशा रूपात आणावा लागतो: कोणती सेवा, कोणत्या गावात, कोणत्या धक्क्यानंतर, किती लोकांना, कितव्या दिवशी, किती प्रमाणात परत मिळेल. या सहा जागा भरल्या की विषय तयार होतो. तुमच्या पाणीपुरवठ्याच्या अनुभवाचा उपयोगही तिथेच आहे, त्यामुळे पाणी सोडून दुसरीकडे जाऊ नका.

न्यूझीलंडच्या कायद्यातच याचा धागा सापडतो. तिथल्या २००२ च्या सिव्हिल डिफेन्स इमर्जन्सी मॅनेजमेंट कायद्याच्या कलम ६० नुसार पाणी, वीज, रस्ते, टेलिकॉम चालवणाऱ्या संस्थांनी आपत्तीच्या वेळी आणि नंतरही शक्य तितक्या पूर्ण प्रमाणात काम करत राहायचं असतं, मग ते नेहमीपेक्षा कमी पातळीवर का होईना. ‘कमी पातळीवर का होईना’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. पाइप फुटणारच नाही अशी अपेक्षा कायदा करत नाही. किती कमी चालेल आणि किती दिवस चालेल, हे ठरवायला तो भाग पाडतो. वेलिंग्टनच्या नियोजनात हे आकड्यांत उतरलेलं दिसतं. मोठ्या भूकंपानंतर पहिले सात दिवस प्रत्येक घराने साठवलेल्या पाण्यावर काढायचे, माणशी रोज २० लिटर. आठव्या दिवसापासून जमिनीवरच्या तात्पुरत्या व्यवस्थेतून ठरलेल्या ठिकाणी तेवढंच पाणी मिळेल. नळाला पाणी येण्याचं आश्वासन त्यात नाही. पण आकडा आहे, दिवस आहे, जागा आहे. संशोधकाला हेच हवं असतं, कारण ते पाळलं जाईल की नाही, हे तपासता येतं.

आता न्यूझीलंड बेटांचा देश असण्याचा मुद्दा. चहूबाजूंनी समुद्र आहे एवढ्यावर थांबू नका. अभ्यासाच्या दृष्टीने बेट म्हणजे शेजारच्या देशाची वीज नाही, शेजारचा रस्ता नाही, आणि ट्रान्सफॉर्मर असो की मोठ्या व्यासाचा व्हॉल्व्ह, तो जहाजाची वाट बघत बसतो. त्यातही न्यूझीलंड दोन मोठ्या बेटांचा देश, मध्ये कुक सामुद्रधुनी. दक्षिणेच्या बेनमोरपासून उत्तरेच्या हेवर्ड्सपर्यंतची हाय व्होल्टेज डीसी लाइन १९६५ पासून आहे. लांबी सुमारे ६१० किलोमीटर, त्यातले ४० किलोमीटर समुद्राखालच्या केबलचे, क्षमता १,२०० मेगावॅट. दोन बेटांच्या ग्रिडना जोडणारा दुवा हा एवढाच. इंधनाचं पाहा. मार्सडन पॉइंटची देशातली एकमेव रिफायनरी २०२२ मध्ये बंद झाली आणि तयार इंधन पूर्णपणे आयातीवर आलं. तिथून ऑकलंडला जाणारी सुमारे १७० किलोमीटरची पाइपलाइन सप्टेंबर २०१७ मध्ये खोदकामाच्या यंत्राने झालेल्या जुन्या इजेच्या जागी फुटली होती. ऑकलंड विमानतळाचं जेट फ्युएल त्याच एका पाइपमधून येत असल्याने विमानं रद्द करावी लागली. ना भूकंप, ना पूर. जून २०२४ मध्ये नॉर्थलँडकडे जाणाऱ्या २२० केव्ही लाइनचा मनोरा कोसळला, तोही मेंटेनन्सच्या वेळी पायाचे नट एकाच वेळी प्रमाणाबाहेर काढल्यामुळे. जवळजवळ अख्ख्या प्रदेशाची वीज गेली. म्हणून नैसर्गिक आपत्तीच हवी असा हट्ट प्रबंधात धरू नका. लांबट देश, एकपदरी वाहिन्या आणि पर्यायाचा अभाव हे खरं दुखणं आहे. भूकंप ते उघडं पाडतो इतकंच.

रस्त्यांच्या बाबतीत हे १४ नोव्हेंबर २०१६ च्या, दक्षिण बेटावरच्या काइकोरा भूकंपात दिसलं. तीव्रता ७.८, वीसहून जास्त फॉल्ट, म्हणजे जमिनीखालच्या भेगा, एकाच घटनेत हलले, किनाऱ्यालगतचा स्टेट हायवे १ आणि रेल्वे दरडींखाली गेली. हायवे १५ डिसेंबर २०१७ ला पुन्हा खुला झाला. मधले तेरा महिने पिक्टन ते क्राइस्टचर्च वाहतूक लुईस पासच्या आतल्या रस्त्याने गेली, तिथल्या अरुंद पुलांवर आणि लहान गावांवर अवजड ट्रकचा ताण आला. इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: पर्यायी रस्ता नकाशावर असणं वेगळं आणि त्याने तेवढा भार तेरा महिने सोसणं वेगळं. ग्राफ काढून ‘दोन मार्ग आहेत, म्हणजे रिडंडन्सी (राखीव पर्याय) आहे’ असा निष्कर्ष काढणारे प्रबंध मी बरेच तपासतो. ते तिथेच अडकतात.

तुमच्या क्षेत्रातलं उदाहरण घेऊन कामाची पद्धत जरा सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं. समजा एका उपनगरात ४० किलोमीटर जुन्या ठिसूळ पाइप आहेत, म्हणजे कास्ट आयर्न आणि ॲस्बेस्टॉस सिमेंट. भूकंपात तिथे जमिनीचा कमाल वेग सेकंदाला ५० सेंटिमीटर येतो. आपत्तीतल्या नुकसानीचा अंदाज काढायच्या अमेरिकेच्या हॅझस पद्धतीत अशा पाइपसाठी दर किलोमीटरमागे दुरुस्त्या काढायचं सूत्र आहे: ०.०००१ गुणिले वेगाचा २.२५ वा घात. उत्तर येतं किलोमीटरला साधारण ०.६६, म्हणजे ४० किलोमीटरला २७ दुरुस्त्या. नुसत्या हादऱ्याच्या नुकसानीत पाचातल्या चार गळत्या आणि एक पूर्ण तुटलेली पाइप असं प्रमाण धरतात. म्हणजे जेमतेम पाच ठिकाणी पाइप तुटलेली. परवडलं, असं वाटतं.

आता याच ४० पैकी १० किलोमीटर नदीकाठच्या वाळूमिश्रित जमिनीत आहेत असं धरा. तिथे लिक्विफॅक्शन होतं, म्हणजे पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्याने पातळ होऊन वाहते आणि जमीन नदीकडे ३० सेंटिमीटर सरकते. अशा सरकण्यासाठी सूत्र वेगळं: सरकण्याचा ०.५६ वा घात, गुणिले लिक्विफॅक्शनची शक्यता. ते होणारच असं धरलं, तर किलोमीटरला सुमारे ४ दुरुस्त्या, १० किलोमीटरला ४०. आणि इथे प्रमाण उलटं: पाचातल्या चार ठिकाणी पाइप तुटलेली. म्हणजे ३२. एक चतुर्थांश लांबीने बाकी सगळ्या जाळ्यापेक्षा जास्त काम अंगावर टाकलं. ती १० किलोमीटरची पाइप लवचीक पॉलिएथिलीनची केली, तर हॅझस ठिसूळ पाइपच्या ३० टक्केच नुकसान धरतं. एकूण ६७ दुरुस्त्यांच्या जागी सुमारे ३४ उरतात. चतुर्थांश पाइप बदलून काम निम्म्यावर. पाइप कुठली बदलायची, याचं उत्तर पाइपच्या वयापेक्षा जमिनीच्या नकाशातून आलं.

या गणितात दोन चुका हमखास होतात. पहिली एककाची. दुसऱ्या सूत्रात सरकणं इंचांत घालायचं असतं. ३० सेंटिमीटरच्या जागी ३० हा आकडा तसाच घातला, तर ४ ऐवजी ६.७ येतं, आणि आकडा पटण्यासारखा असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. उलट पहिल्या सूत्रात वेग मीटरमध्ये घातला, तर उत्तर जवळपास शून्य येतं, ती चूक निदान पकडली जाते. दुसरी चूक जास्त गंभीर: ही सूत्रं दुसऱ्या देशांच्या जुन्या भूकंपांतल्या पाइपांवर बसवलेली आहेत. क्राइस्टचर्चमध्ये सप्टेंबर २०१० चा ७.१ चा, २२ फेब्रुवारी २०११ चा आणि त्यानंतरचे मोठे धक्के त्याच जाळ्याने सोसले, आणि त्या पाइपांच्या दुरुस्त्यांची नोंद जगातल्या उत्तम नोंदींपैकी आहे. त्या नोंदींवरून काढलेली स्थानिक सूत्रं उपलब्ध असताना फक्त हॅझस वापरणं, ही न्यूझीलंडला जाण्याची संधी वाया घालवण्यासारखी गोष्ट आहे. दोन्ही चालवा, फरक दाखवा, तो का पडतो ते लिहा. त्यातूनच एक चांगलं प्रकरण तयार होतं.

आता दिवस. रोज १० दुरुस्त्या होतील असं धरलं, तर ६७ ला सात दिवस. बहुतेक विद्यार्थी इथे थांबतात आणि खरा अभ्यास इथे सुरू होतो. पाइपमध्ये दाब असल्याशिवाय गळती सापडत नाही. दाबासाठी पंप हवा. पंपाला वीज हवी किंवा जनरेटर आणि डिझेल. डिझेलला रस्ता हवा. पथकाला कुठे जायचं ते कळवायला फोन हवा. म्हणजे सात दिवस मोजायला पहिल्या दिवशी सुरुवात होतच नाही. वीज चौथ्या दिवशी आली, तर पाणी अकराव्या दिवशी, आणि मग वेलिंग्टनसारखं ‘आठवा दिवस’ हे लक्ष्य हुकतं. हे हुकणं पाइपमुळे आहे की विजेमुळे, हे वेगळं काढून दाखवता आलं, तर तुमचा प्रबंध पालिकेच्या कामाचा झाला.

सांडपाण्याचा विचार केला तर गणित आणखी बदलतं. क्राइस्टचर्चच्या पूर्वेकडे एव्हन नदीच्या काठाने ग्रॅव्हिटी सीवर, म्हणजे उतारावर आपोआप वाहणारे सांडपाण्याचे पाइप, तुटलेच, पण न तुटलेल्यांचाही उतार गेला आणि आत गाळ भरला. पाइप अखंड, तरी सेवा बंद. म्हणून तिथे काही भागांत उताराऐवजी दाबाने किंवा ओढून सांडपाणी नेणारे प्रेशर आणि व्हॅक्यूम सीवर घातले गेले. टाकीचंही तसंच. क्राइस्टचर्चमधल्याच हंट्सबरीची ३५,००० घनमीटरची पाण्याची टाकी २०११ च्या धक्क्यात तडकून रिकामी झाली. टाकीखालच्या खडकात आधी कुणाला माहीत नसलेला दुबळा पट्टा निघाला. नंतर तो पट्टा मधे सोडून दोन बाजूंना दोन लहान टाक्या बांधल्या. ‘नुकसान’ या एकाच शब्दाने हे तिन्ही प्रकार झाकले जातात. तुमच्या मॉडेलमध्ये ते वेगळे दिसले पाहिजेत.

एक सेवा दुसरीला कशी ओढते, याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२३ चं गॅब्रिएल चक्रीवादळ. हॉक्स बेमध्ये रेडक्लिफ सबस्टेशनमध्ये पुराचं पाणी शिरलं आणि नेपियर शहराची वीज कित्येक दिवस गेली. मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपल्या. फायबरच्या केबल पुलांना बांधलेल्या होत्या, पूल गेले तशा त्याही गेल्या. रस्ता आणि टेलिकॉम वेगवेगळ्या संस्थांच्या नकाशांवर वेगवेगळे होते, जमिनीवर मात्र ते एकाच पुलावर होते. न्यूझीलंडच्या लाइफलाइन्स, म्हणजे पाणी, वीज, रस्ते अशा अत्यावश्यक सेवा, सांभाळणाऱ्या मंडळींकडे यासाठी दोन शब्द आहेत. एकच मालमत्ता पडली की मोठी सेवा पडते तो ‘पिंचपॉइंट’, आणि अनेक सेवांच्या महत्त्वाच्या मालमत्ता एका जागी येतात तो ‘हॉटस्पॉट’. न्यूझीलंड लाइफलाइन्स कौन्सिलच्या राष्ट्रीय अहवालात दोन्हींची चर्चा आहे. निघण्याआधी तो पूर्ण वाचा. एका सेवेचा अभ्यास करा असं मी म्हणतो, त्याचा अर्थ बाकीच्या विसरा असा नाही. तुमची सेवा मध्यभागी ठेवा आणि तिला थेट लागणाऱ्या दोनच घ्या. पाण्यासाठी वीज आणि रस्ता. तिसरी घेतली की माहितीअभावी गृहीतकांचा ढीग होतो.

माहिती कुठून आणायची, यावर सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून इथे थोडं थांबतो. पालिका किंवा वीज कंपनी पाइपांचा आणि केबलांचा संपूर्ण जीआयएस (माहितीसह डिजिटल नकाशा) तुम्हाला सहज देणार नाही. सुरक्षेचा प्रश्न असतो, गोपनीयतेचा करार होतो, वकिलांकडून तो फिरून येतो. त्यासाठी सहा ते आठ आठवडे धरून चाला. तोवर उघड मिळणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत. वीज वितरण कंपन्या वाणिज्य आयोगाच्या नियमांखाली पुढच्या दहा वर्षांचं ॲसेट मॅनेजमेंट प्लॅन प्रसिद्ध करतात. त्यात सबस्टेशनवार क्षमता, मालमत्तेचं वय, स्थिती आणि वीज जाण्याची सरासरी मिनिटं असतात. पालिकांना निदान ३० वर्षांची इन्फ्रास्ट्रक्चर स्ट्रॅटेजी करावी लागते. लिंझ या सरकारी भूमापन खात्याच्या डेटा सर्व्हिसवर नकाशे आणि लायडारने (लेझरने) मोजलेली जमिनीची उंची मोफत आहे. न्यूझीलंड जिओटेक्निकल डेटाबेसवर नोंदणी केली की बोअर आणि सीपीटी (जमिनीत शंकू दाबून करायच्या) चाचण्या मिळतात, क्राइस्टचर्चसाठी तर हजारोंनी. भूकंपाच्या नोंदी जिओनेट या देशाच्या भूकंपमापन जाळ्यावर, आणि देशाचं भूकंप धोक्याचं मॉडेल २०२२ मध्ये नव्याने आलं आहे. जुन्या मॉडेलवर बेतलेले शोधनिबंध वाचताना वर्ष आधी पाहा.

जे उघड नाही, ते माहितीच्या कायद्याखाली मागता येतं. केंद्र सरकारच्या संस्थांसाठी १९८२ चा ऑफिशियल इन्फर्मेशन ॲक्ट, पालिकांसाठी १९८७ चा वेगळा कायदा. उत्तराची मुदत २० कामाचे दिवस. पहिल्या कायद्याखाली अर्ज करायला नागरिक, कायमचा रहिवासी किंवा प्रत्यक्ष न्यूझीलंडमध्ये असलेली व्यक्ती असावं लागतं, त्यामुळे हे काम पोहोचल्यावरच. अर्जात ‘सर्व माहिती’ मागू नका. ‘२०११ ते २०१५ मधल्या अमुक विभागातल्या पाणी पाइपांच्या दुरुस्त्यांची तारीख, व्यास आणि साहित्य’ असं मागा. व्यापक अर्ज नाकारायला कारण सापडतं, नेमक्या अर्जाला सहसा सापडत नाही. शिवाय त्याच खात्यातल्या लोकांकडे तुम्हाला पुढे मुलाखतीला जायचं आहे, तेव्हा आधी फोन, मग ईमेल आणि अगदी गरज पडली तरच कायदा, असा क्रम ठेवा.

मुलाखतीवरून आठवलं. कुणाशीही संशोधनासाठी बोलायचं, अगदी पंपिंग स्टेशनच्या इंजिनिअरशीसुद्धा, तर विद्यापीठाच्या ह्यूमन एथिक्स समितीची मंजुरी आधी लागते. तिलाही काही आठवडे जातात. माओरी समाजाच्या जमिनी, नद्या किंवा वस्त्या तुमच्या अभ्यासक्षेत्रात येत असतील, तर संबंधित इवीशी (माओरी जमातीशी) सल्लामसलत हा तिथल्या संशोधनाचा भाग आहे आणि त्यामागे १८४० च्या वाइटांगी कराराचा आधार आहे. याकडे फॉर्म भरण्याचं काम म्हणून पाहू नका. काइकोरा भूकंपानंतर रस्ते तुटलेल्या गावात ताकाहांगा माराएने, म्हणजे माओरी समाजाच्या सभास्थानाने, रहिवासी आणि पर्यटक अशा शेकडो लोकांना जेवू घातलं. तुमच्या मॉडेलमध्ये ‘पाणी कुठे पोहोचवायचं’ हा बिंदू असेल, तर लोक खरोखर जिथे जमतात ती जागा नकाशावर असायला हवी, आणि ती कोणती हे तिथल्या लोकांनाच माहीत असतं.

आता कोर्स. हे बरंचसं तुमच्या परिस्थितीवर आहे: पैसा किती, नंतर नोकरी करायची की संशोधन, गणित किती आवडतं. कँटरबरी विद्यापीठात मास्टर ऑफ डिझास्टर रिस्क अँड रेझिलियन्स आहे, त्याच विद्यापीठात भूकंपावरचं क्वेककोर हे संशोधन केंद्र आहे आणि क्राइस्टचर्च शहर हीच प्रयोगशाळा आहे. ऑकलंड विद्यापीठात डिझास्टर मॅनेजमेंटची मास्टर्स आहे आणि सिव्हिल विभागही भक्कम आहे. मॅसी विद्यापीठाचं वेलिंग्टनमधलं केंद्र माणसांच्या वागण्यावर, इशाऱ्यांवर आणि आपत्कालीन व्यवस्थापनावर जास्त काम करतं. पाइप आणि पंपाच्या गणितात राहायचं असेल तर माझा कल कँटरबरी किंवा ऑकलंडच्या इंजिनिअरिंगकडे. नियोजन आणि धोरणाकडे वळायचं असेल तर बाकीचे पर्याय तितकेच चांगले.

कोर्सवर्क की संशोधन, याचा हिशोब तासांत करा. न्यूझीलंडमध्ये एक पॉइंट म्हणजे दहा तास अभ्यास. १८० पॉइंटची मास्टर्स म्हणजे १,८०० तास. त्यात ६० पॉइंटचा प्रकल्प असेल तर हातात ६०० तास. माहिती मिळवणं आणि साफ करणं यात २०० जातात, मॉडेल उभं करून तपासण्यात २००, लिहिण्यात १५०. उरलेले ५० चुका दुरुस्त करायला, आणि ते नेहमी कमीच पडतात. एवढ्यात एक उपनगर, एक भूकंप, पाणी आणि वीज होतं. पूर्ण शहर हवं असेल तर १२० पॉइंटचा प्रबंध घ्या. पुढे पीएचडीचा विचार असेल तर संशोधनाचा मार्ग सरळ आहे, आणि तिथल्या विद्यापीठांत परदेशी पीएचडी विद्यार्थ्यांना स्थानिक विद्यार्थ्यांइतकीच फी असते हे लक्षात ठेवा. मास्टर्सला ही सवलत नाही. फीशिवाय विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे वर्षाला २०,००० न्यूझीलंड डॉलर दाखवावे लागतात. अर्जाच्या दिवशीचा आकडा इमिग्रेशनच्या अधिकृत पानावर पाहून घ्या. पहिलं सत्र फेब्रुवारीच्या शेवटी सुरू होतं, दुसरं जुलैत.

निघण्याआधीच्या तयारीत क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर रोजच्या वापरात आणा. पायथनमध्ये नकाशांसाठी जिओपांडाज आणि जाळ्यांसाठी नेटवर्कएक्स या दोन लायब्ररी पुरेत. पाण्याच्या जाळ्याचं गणित करणारं इपॅनेट तुम्हाला येतंच असेल. ते पायथनमधून चालवायला विंटर (WNTR) हे पॅकेज आहे, आणि ते याच कामासाठी, म्हणजे आपत्तीत पाण्याच्या जाळ्याचं काय होतं हे तपासण्यासाठी केलेलं आहे. आणि संभाव्यता. फ्रॅजिलिटी कर्व्ह (धक्क्याच्या जोरानुसार नुकसानीची शक्यता दाखवणारा आलेख) म्हणजे काय, लॉगनॉर्मल वितरणाचा मध्यक आणि विखुरणं काय सांगतात, हे हाताने सोडवता आलं पाहिजे. वर मी ६७ दुरुस्त्या म्हटलं, तो एक आकडा कधीच नसतो. हजार वेळा सिम्युलेशन चालवलं की ४० ही येतात आणि १०० ही. पालिकेला सरासरी ऐकण्यात फारसा रस नसतो. वाईटातल्या वाईट दहा टक्क्यांत किती पथकं लागतील, हे तिला हवं असतं. त्यामुळे निकाल एका आकड्याऐवजी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशा पट्ट्याच्या रूपात द्यायची सवय आत्तापासून लावा.

खर्चाचा विचारही सोडू नका. क्राइस्टचर्चच्या ओरायन या वीज कंपनीने भूकंपाआधीच्या वर्षांत सबस्टेशनांच्या मजबुतीवर सुमारे ६० लाख डॉलर घातले होते. त्यामुळे ३ ते ५ कोटी डॉलरचं नुकसान टळलं, असा नंतरचा अंदाज आहे. त्याच कंपनीच्या पूर्वेकडच्या जमिनीखालच्या ६६ केव्ही केबल मात्र लिक्विफॅक्शनने निकामी झाल्या आणि घाईने ओव्हरहेड लाइन टाकावी लागली. इमारती मजबूत केल्या, जमीन मात्र हातात नव्हती. एकाच संस्थेत यश आणि अपयश शेजारी दिसतं, म्हणून हे उदाहरण मोलाचं आहे. यशोगाथा म्हणून त्यातला अर्धाच भाग सांगितला जातो, तसा तुम्ही सांगू नका.

पुढचा मोठा धक्का कुठे, यावर तिथे ठोस काम झालेलं आहे. दक्षिण बेटावरचा अल्पाइन फॉल्ट शेवटचा मोठा हलला १७१७ मध्ये. पुढच्या ५० वर्षांत तो पुन्हा हलण्याची शक्यता ७५ टक्के मांडली आहे, आणि हलला तर तीव्रता ८ च्या वर जाण्याची शक्यता पाचात चार. एएफ८ हा कार्यक्रम त्याच्याच तयारीसाठी आहे आणि त्याने घटनेचं आणि पहिल्या सात दिवसांच्या प्रतिसादाचं चित्र तयार केलेलं आहे. तुम्हाला धक्का स्वतः बनवायची गरज नाही. तयार चित्र घ्या आणि तुमचं गाव त्यात ठेवा. पश्चिम किनाऱ्यावरची ग्रेमाउथ, होकिटिका यांसारखी लहान गावं अशा वेळी रस्त्याने तुटतात, आणि मोठ्या शहरांच्या मानाने त्यांच्यावर अभ्यास कमी झालेला आहे. पाइपांचं जाळं लहान असल्याने ६०० तासांत ते पूर्ण आवाक्यातही येतं. तुमच्या जागी मी हेच निवडेन.

म्हणून सुपरवायझरना ईमेल लिहिताना ‘मला रेझिलियन्समध्ये रस आहे’ असं लिहू नका. त्यांना तशी ईमेल रोज येतात. असं लिहा: ‘पाणीपुरवठा डिझाइनचा चार वर्षांचा अनुभव आहे. अल्पाइन फॉल्टच्या धक्क्यानंतर होकिटिकात आठव्या दिवशी माणशी २० लिटर पाणी देता येईल का, हे मला विंटरमध्ये तपासायचं आहे. वीज आणि रस्ता दोन्ही तुटलेले धरून. पाइपांची माहिती मिळाली नाही, तर रस्त्यांच्या नकाशावरून जाळं अंदाजाने उभं करून त्याची मर्यादा नोंदवेन.’ सोबत एखाद्या काल्पनिक ४० किलोमीटरच्या जाळ्यावर वरचं गणित करून काढलेला एका पानाचा निकाल जोडा, पट्ट्यासकट आणि एककांसकट. इंच आणि सेंटिमीटर पाठवण्याआधी एकदा पुन्हा तपासा.